तैवानच्या पूर्वेकडचे आमिस लोकांचे झरे : कुठे जावं, कधी जावं?

मृदुला_शिंचू

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या शिंचूत आहोत. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगची सुट्टी जोडून येते आहे, तेव्हा ह्वालिएनच्या बाजूला जायचा बेत आहे. बरोबर सातवीतला मुलगा आणि भारतातून आलेल्या सासूबाई (गुडघे ठीक आहेत, पण फार पायऱ्या नकोत).

तारोकोच्या घळीचा विचार सोडला, कारण २०२४ च्या भूकंपानंतर तिथलं बरंच काही बंद आहे. शेजारच्या तैवानी बाईंनी सुचवलं की त्यापेक्षा दक्षिणेला जा, आमिस आदिवासींची गावं आहेत, डोंगराच्या पायथ्याशी जिवंत झरे आहेत, आणि प्रत्येक झऱ्याची काहीतरी कथा आहे. मी शोधायला बसले तर गरम पाण्याच्या हॉटेलांच्या जाहिरातींशिवाय काही हाती लागेना. मला हॉटेलातला हौद नको आहे. मुलाला मासे, बेडूक, किडे असलं सगळं आवडतं, सासूबाईंना गोष्टी आवडतात.

तर नेमकं कुठे जावं? झऱ्यात उतरू देतात का? आम्ही शाकाहारी आहोत (मुलगा अंडं खातो), चिनी जेमतेम बोलता येतं. आणि २०२५ च्या पुराबद्दल वाचलं, त्यामुळे जावं की नाही अशीही शंका आहे.

---

ओहोळ

मृदुलाताई, मी भूजलाच्या कामानिमित्त ह्वालिएनमध्येच राहतो. त्यामुळे हे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी झरे कुठून येतात ते सांगतो, म्हणजे कुठे जायचं ते आपोआप कळेल. ह्वालिएनपासून थायतुंगपर्यंत दीडशे किलोमीटरची एक लांबट दरी आहे. पश्चिमेला मध्य पर्वतरांग, पूर्वेला किनारी रांग. ही दरी म्हणजे दोन भूपट्टांचा सांधा आहे. फिलिपाइन समुद्राचा पट्टा वर्षाला सात-आठ सेंटिमीटर वेगाने आशियाकडे सरकतोय, आणि त्या रेट्याने डोंगर अजून उचलले जातायत. असे तरुण डोंगर भुसभुशीत असतात. पाऊस पडला की नद्या गोटे, वाळू, राडारोडा घेऊन धडाधड खाली येतात आणि दरीत शिरताक्षणी पंख्यासारखा पसरवून टाकतात. पाऊस नसताना अशा नदीचं पात्र बघाल तर वाटेल नदी मेली. मेलेली नसते. गोट्यांच्या थरात मुरून खालून चालत असते आणि पंख्याच्या टोकाला, जिथे गाळ बारीक होतो आणि पाण्याला पुढे वाट मिळत नाही, तिथे वर येते. तोच झरा. खालून आलेलं असल्यामुळे त्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं. थंडीत हात घातला तर कोमट वाटतं, जुलैमध्ये दात वाजतात.

आता आमिस. तैवानमध्ये सरकारने मान्यता दिलेल्या सोळा आदिवासी जमाती आहेत, त्यांत हे संख्येने सगळ्यांत मोठे, दोन लाखांच्या वर. ह्वालिएनकडचे लोक स्वतःला पांगत्साह म्हणवतात. घर आईकडून मुलीकडे जायचं, नवरा लग्न करून बायकोच्या घरी यायचा, अशी त्यांची जुनी रीत. यांची जुनी गावं नकाशावर टिंबं देऊन बघा. एकतर समुद्राकाठी, नाहीतर अशा पंख्यांच्या टोकाला. भूजलाचं पुस्तक न वाचता त्यांना हे ठाऊक होतं.

तुमच्यासाठी माझं पहिलं नाव: फाताआन. ग्वांगफू स्टेशनला उतरायचं, तिथून सायकलने किंवा टॅक्सीने जवळच. चिनीत याला माथाइआन म्हणतात. फाताआन म्हणजे तूर, आपण वरण करतो तीच. डोंगराच्या पायथ्याला झऱ्यांनी भरलेली पाणथळ जमीन आहे. पाणी स्वच्छ, संथ, गुडघाभर. बाजूला भाताची आणि कमळांची शेतं. कमळं जून ते ऑगस्टमध्ये फुलतात, एप्रिलमध्ये नुसती पानं दिसतील, हे आधीच सांगून ठेवतो.

फुलांसाठी जाऊच नका. जा ते पालाकावसाठी. तुमच्या मुलाला हे जन्मभर आठवेल.

पालाकाव म्हणजे मासे धरायची पद्धत, पण त्यात मासे धरणं सगळ्यात शेवटी येतं. झऱ्याच्या पाण्यात तीन थरांचं घर बांधतात. तळाला जाड बांबूच्या नळ्या, आतल्या गाठी फोडून पोकळ केलेल्या. कधी वृक्षनेच्याचं पोकळ खोडही वापरतात. त्यात वाम आणि मांगूर जातीचे, अंधार आवडणारे, बिनखवल्यांचे मासे शिरतात. मधल्या थरात फांद्यांचे भारे. त्यासाठी बरेचदा तामणीच्या कुळातलं एक झाड वापरतात, त्याचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही. या काटक्यांच्या जाळीत कोळंबी आणि बारीक मासळी राहते. वरच्या थरात बांबूच्या फांद्या, त्यांच्या सावलीत खवलेवाले मासे. लाकडावर शेवाळ धरतं, ते कोळंबी खाते, कोळंबीवर छोटे मासे, त्यांच्यावर मोठे. दोन-चार दिवसांनी घरधनी येतो, त्रिकोणी हातजाळं लावतो, फांद्या उचलून झटकतो, लागेल तेवढं घेतो आणि फांद्या पुन्हा होत्या तशा रचतो. आमिष नाही, पाठलाग नाही. मला व्यक्तिशः ही माशांसाठी बांधलेली चाळ वाटते, खाली-वर बिऱ्हाडं आणि मालक अधूनमधून भाडं वसूल करायला येणारा.

हे चालतं ते केवळ झऱ्यामुळे. नदीत असं घर बांधलं तर पहिल्या पुराला वाहून जाईल. साचलेल्या डबक्यात बांधलं तर उन्हाळ्यात प्राणवायू संपून सगळं मरेल. पाणी हलतं हवं, पण ओढणारं नको, आणि बारमाही हवं. तेवढ्या अटी पुरवणाऱ्या जागा फार नसतात.

उतरू देतात का? पालाकाव दाखवताना मुलांना हमखास पाण्यात घेतात. पण आपलं आपण जाऊन कुठल्याही पाण्यात उतरू नका. तिथली बहुतेक पाणथळ जमीन कुणाच्या ना कुणाच्या घरची आहे, ते सार्वजनिक तळं नव्हे. गावातल्याच माणसाबरोबर जा. वयस्क पुरुषाला ‘फाकी’ आणि बाईंना ‘फायी’ म्हणायचं, म्हणजे काका-मावशी. चिनी येत नसलं तरी एवढ्यावर चेहरे खुलतात.

गोष्टी पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला हाक आली.

---

खडूस_काका

छान माहिती, पण एक खडा टाकतो. आदिवासी दंतकथा नावाचा जो प्रकार असतो ना, तो निम्मा पर्यटन खात्याने लिहिलेला असतो. जगात कुठेही जा, झरा दिसला की त्याच्याजवळ एक राजकन्या रडलेली असते. मृदुलाताईंच्या सासूबाईंना गोष्टी जरूर सांगा, पण हे ‘प्राचीन’ वगैरे म्हणून गळी उतरवू नका.

---

ओहोळ

काका, तुमचा संशय चुकीच्या जागी नाही. रुइस्वेइला जाल तर तुमची राजकन्या भेटेल. तिथलं गरम पाणी लोहयुक्त, पिवळट तपकिरी. पांढरा टॉवेल नेऊ नका, कायमचा रंगतो. त्या पाण्यात बसलं की मुलगा होतो अशी जाहिरात वर्षानुवर्षं चालू आहे. आता गंमत बघा, ज्या लोकांच्या भूमीत ते पाणी आहे त्यांच्याकडे घर चालायचं मुलीवर. पुत्रप्राप्तीचा झरा त्यांनी कशाला शोधून काढावा? ती कथा बाहेरून आलेल्यांची आहे, हे कुणी न सांगता कळतं.

पण ताफालोंगचं तसं नाही. ग्वांगफूमध्येच, फाताआनपासून थोड्या अंतरावर, दुसरं मोठं आमिस गाव. तिथे काकिताआन नावाच्या घराण्याचं मूळ घर होतं आणि त्याच्या लाकडी खांबांवर पूर्वजांच्या कथा कोरलेल्या होत्या. महापूर, अंगातून उजेड फाकणारी मुलगी, आणि बापाचं डोकं उडवणारे भाऊ. १९५८ च्या वादळात ते घर कोसळलं. खांब थायपेइला अकादेमिया सिनिकाच्या मानववंशशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात गेले. २००३ पासून गावातल्या लोकांनी ते परत मागायला सुरुवात केली. खांब संग्रहालयातच राहिले, पण गावाने त्यांच्यातल्या पूर्वजांना, म्हणजे त्यांच्या आत्म्यांना, विधी करून घरी परत नेलं आणि घर पुन्हा उभारलं. विधी केले ते स्त्री शामान, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या भगतीण मंडळींनी. या प्रवासावर हू ताय-ली या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी माहितीपटही केला आहे. पर्यटन खात्याला यातलं काही लिहिता आलं असतं असं मला वाटत नाही.

आता तीन गोष्टी, सासूबाईंसाठी. प्रत्येक गावात थोड्या वेगळ्या सांगतात, मी ऐकल्या तशा देतो.

पहिली, महापुराची. एक मुलगी होती, तिच्या अंगातून लालसर उजेड यायचा. घरात दिवा लागत नसे. समुद्राच्या देवाला ती हवी होती. आईबापांनी तिला लपवलं, पण उजेड कसा लपणार? समुद्र चढून आला आणि तिला घेऊन गेला. त्या पाण्यात एक भाऊ-बहीण लाकडी उखळीत बसून वाहत वाहत चिलांगासान डोंगराला लागले. स्रा आणि नाकाव. त्यांच्यापासून पुढे माणसं वाढली. हा डोंगर खराखुरा आहे, किनारी रांगेत, फंगबिनच्या वर. भाऊ-बहिणीचं लग्न कसं, असा प्रश्न तुमचा मुलगा विचारेलच. तो प्रश्न कथेतल्या दोघांनाही पडला होता, आणि निवेदक त्यावर बराच वेळ घालवतात.

दुसरी मात्र थेट पाण्याची आहे आणि मला ती सगळ्यात जास्त भिडते. दुष्काळ पडला होता. बापाने दोन मुलांना पाण्याच्या उगमावर पाठवलं आणि बजावलं, वरच्या अंगाला कुणी पाणी गढूळ करताना दिसला तर तो शत्रू समजा. मुलं दबा धरून बसली. पाणी गढूळ झालं. अंधुकात एक आकृती दिसली, त्यांनी तिचं मुंडकं उडवलं. घरी आणून बघतात तर बाप. काही जण म्हणतात बाप मुलांची परीक्षा घ्यायला वेष बदलून गेला होता. काही जण कारणच देत नाहीत. मला बिनकारणाची जास्त पटते. खांबावर कोरलेलं दृश्य हेच.

ही ऐकल्यावर उगमापाशी चिखल ढवळायची माझी हिंमत होत नाही, आणि माझं तर कामच नमुने घेण्याचं आहे! फाकी मंडळी मला आधी जमिनीवर थोडी तांदळाची दारू शिंपडायला लावतात. बोट बुडवून थेंब उडवायचे, पूर्वजांना आणि त्या जागेच्या कावासांना, म्हणजे आत्म्यांना. त्याला मिफेतिक म्हणतात. तुम्हालाही सांगतील, तेव्हा दारू प्यायची नाही म्हणून मागे सरू नका, प्यायची नसतेच, नुसती शिंपडायची असते.

तिसरी गोष्ट अशी कथा नाही, रीत आहे. आमिस लोकांकडे लग्न असो, मयत असो, मोठा सण असो, ते सगळं संपलं की मंडळी मिळून पाण्यावर जातात, मासे धरतात आणि एकत्र बसून खातात. पाकेलांग. त्याशिवाय ते कार्य संपलं असं धरत नाहीत. दुःखाच्या घरचे लोकसुद्धा त्यानंतरच रोजच्या कामाला लागतात. म्हणून झरा किंवा ओढा मेला की नुसतं पाणी जात नाही, कार्य संपवायची सोय जाते. सिमेंटच्या बांधाच्या विरोधात म्हातारी माणसं एवढी का चिडतात हे मला त्याशिवाय कळलं नसतं.

---

रानपाखरू

मध्ये घुसतोय, पण ह्वालिएन म्हटलं की पक्ष्यांचं कुणीतरी बोललंच पाहिजे.

फाताआनच्या वाटेवर काळ्या टोपीचा, गालावर काळी मिशी असलेला बुलबुल दिसला तर नीट बघून घ्या. तो फक्त तैवानमध्ये, तोही पूर्वेच्या ह्वालिएन-थायतुंग पट्ट्यात आणि दक्षिण टोकाला हंगछुनकडे सापडतो. पश्चिमेकडचा पांढऱ्या डोक्याचा बुलबुल तुम्हाला शिंचूत रोज दिसत असेल. रस्ते झाले, आणि पुण्य मिळतं म्हणून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडायची पद्धत आहे, त्यामुळे तो पूर्वेला पोहोचला. आता दोघांची मिश्र पिल्लं होतात आणि मूळ काळ्या टोपीवाला हळूहळू विरघळत चाललाय. दोन्ही एका झाडावर दिसले तर आनंद मानू नका.

दुसरं, धोक्याचं. ओढ्याकाठच्या जंगलात मोठ्या पानांचं एक झाड असतं, चिनी नावाचा अर्थ ‘माणसाला चावणारा कुत्रा’. पानावर काचेसारखी लव. हात लागला तर आग आग होते आणि दिवसेंदिवस टिकते. मुलाला सांगून ठेवा की ओळख नसलेल्या पानाला हात नाही. आणि तिथले काळे, टाचणीच्या टोकाएवढे चावरे किडे! दिवसाच चावतात, गुडघ्याखाली. ओलसर शेवाळ्यावर त्यांची पैदास होते, म्हणजे झऱ्याजवळ असणारच. सासूबाईंनी लांब पायघोळ आणि मोजे घालावेत. खाज आठवडाभर जात नाही.

@ओहोळ, फाताआन ठीक आहे, पण तिथे तिलापिया आणि सोनेरी गोगलगाई भरल्यात. मूळ जैवविविधता बघायची तर तिकडे कशाला पाठवताय?

---

मृदुला_शिंचू

बाप रे, इतकं सगळं! दोघांचेही आभार. बाप मारणारी गोष्ट सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “बापाने तोंडाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

तीन प्रश्न. गरम पाण्याचा एखादा झरा, हॉटेलछाप नसलेला, आहे का? शाकाहारी जेवणाचं काय? आणि पुराबद्दल कुणीच बोललं नाहीये.

---

ओहोळ

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हाच प्रश्न ताफालोंगमधल्या एका फायीने सांगता सांगता स्वतःच विचारला होता आणि मग पुढे गेली.

रानपाखरू, तिलापियाचं म्हणणं बरोबर आहे. बाहेरून आणलेले मासे, गोगलगाई, जलपर्णी, सगळं आहे. पालाकावमध्येही आता पुष्कळदा तिलापियाच निघतो. पण मी तिथे पाठवतोय ते झरा आणि माणूस यांची बोलाचाली बघायला. निव्वळ मूळ मासे बघायचे असतील तर आणखी दक्षिणेला फूली तालुक्यातल्या फंगनान गावी जा, तिथे चिहालाय आहे.

चिहालायचं नावच माशावरून पडलंय. हाला म्हणजे एक खडकाला चिकटणारा, बोटभर लांबीचा मासा. पोटाखाली चूषक असतो. अंडी ओढ्यात, पिल्लं जन्मताच वाहत समुद्रात, काही महिने तिथे काढून पुन्हा गोड्या पाण्यात, आणि मग तोंड आणि पोटाचा चूषक आळीपाळीने चिकटवत धबधब्याचा उभा कातळ चढून वर. मोठा झाला की दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्या ओढ्यातून आमिस पूर्वजांनी डोंगराच्या कडेने, कातळ फोडून पाट काढले आणि उतारावर भातखाचरं भिजवली. अजून भिजतात. २०१२ मध्ये हा सगळा परिसर, म्हणजे पाट, खाचरं, ओढा, सांस्कृतिक भूदृश्य म्हणून नोंदला गेला. पाटाच्या कडेने सपाट चालत जाता येतं, सासूबाईंना जमेल. पाटात डोकावलं की मुलाला खेकडे आणि बारीक कोळंबी दिसतील. हाला बघायला मात्र दगडाकडे टक लावून बसावं लागतं, तो दगडासारखाच दिसतो.

एक मात्र खरं, फाताआन आणि चिहालाय एका दिवसात कोंबू नका. मधे पाऊण-एक तासाचा रेल्वेप्रवास आहे आणि फूली स्टेशनपासून पुढे गाडी लागते.

गरम पाणी: दोन्हींच्या मधे, युलीजवळ, आनथोंग. पाण्याला गंधकाचा वास आहे आणि आमिस लोकांनी जागेला नाव दिलं तेच मुळी दुर्गंधीवरून. सरळमार्गी माणसं. जपानी अमलात, १९३० साली, तिथे लाकडी स्नानगृह बांधलं, ती इमारत अजून जपलेली आहे. ज्वालामुखी वगैरे काही नाही हं. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खालच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. हॉटेलं आहेतच, पण ओढ्याच्या काठाने जरा वर चाललात तर वाफ आणि वास कुठून येतो ते कळतं. उगमाशी पाणी पोळतं. मुलाने हात घालू नये.

जेवण. तैवानी शाकाहारी खानावळींवर ‘सू’ हे अक्षर असतं, ते तुम्हाला शिंचूत ओळखीचं झालं असेल. आमिस घरात मात्र आधी सांगावं लागतं. पण तुम्ही नशीबवान आहात, कारण रानभाज्यांत या लोकांचा हात तैवानमध्ये कुणी धरत नाही. वेताचा कोवळा गाभा, थोडा कडवट. पक्ष्याच्या घरट्यासारख्या नेच्याची कोवळी पानं. रानकारली, जेमतेम सुपारीएवढी. कांगुणीचा पाला. आणि दगडाचं सार: पोफळीच्या विरीचा द्रोण करतात, त्यात पाणी आणि भाज्या, आणि विस्तवात लाल तापवलेले गोटे चिमट्याने आत सोडतात. भस्सकन उकळी फुटते. विरी जळत नाही. एरवी त्यात मासे-कोळंबी असते, तुम्ही नुसत्या भाज्यांचं सांगा, करून देतात. गोटा कुठलाही चालत नाही, ओढ्यातला चुकीचा गोटा तापला की फुटतो, तेव्हा मुलाने उत्साहाने स्वतः वेचलेला दगड टाकू नये.

आता पूर. मुद्दाम शेवटी ठेवला, कारण लिहायला जड जातं.

२०२५ च्या जुलैमध्ये विफा वादळाच्या पावसाने माथाइआन नदीच्या वरच्या भागात, वानरोंगच्या डोंगरात, कडा कोसळला आणि नदी अडली. मागे तलाव साठत गेला. सगळ्यांना ठाऊक होतं, मोजमाप चालू होती, इशारे दिले जात होते. २३ सप्टेंबरला रागासा वादळाच्या पावसात तो भरून वाहिला, बांध खचला आणि दुपारी ग्वांगफूवर पाणी आणि चिखल चालून आला. महामार्ग ९ वरचा पूल गेला. डझनाहून अधिक माणसं गेली, त्यांतली बरीच वयस्क, खालच्या मजल्यावर राहणारी. पुढचे काही आठवडे बेटभरातून लोक फावडी घेऊन रेल्वेने येत होते, डबे भरभरून. घराघरातून चिखल उपसून दिला आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

मी वर पंख्याचं जे शास्त्र सांगितलं ना, ते हेच. जो राडारोडा नदी पसरवते त्यातूनच झरा निघतो. डोंगर कोसळला नसता तर दरीत गोटे आले नसते, गोटे नसते तर पाणी मुरलं नसतं. हे मी वर्गात अनेकदा फळ्यावर काढलंय. ज्या घरात आपण जेवलो त्या घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ बघताना ते फळ्यावरचं चित्र आठवू नये असं वाटतं.

म्हणून जावं की नाही? जावं. ग्वांगफूला माणसं यायला हवी आहेत, पण बघे नकोत. पडलेल्या घरांचे फोटो काढत हिंडू नका. मुक्काम गावातल्याच घरी करा, जेवा, विकत घ्या. पावसाळी इशारा असेल तर बेत रद्द करा, तिथे कुणी वाईट वाटून घेणार नाही. डोंगर अजून स्थिरावलेले नाहीत आणि जुलै ते सप्टेंबर वादळांचा मोसम. त्यामानाने तुमचा एप्रिल बरा आहे. काजवेही एप्रिलमध्ये असतात. ली-यू तलावाकाठी तर नक्की, आणि पाणथळ जागी अंधार पडल्यावर टॉर्च बंद ठेवलात तर आणखीही कुठे. पाणकाजव्यांच्या अळ्या पाण्यातल्या गोगलगाई खाऊन वाढतात, हे मुलाला सांगा. लगेच दिवसासुद्धा पाण्यात डोकावायला लागेल.

---

खडूस_काका

ओहोळ, रुइस्वेइच्या टॉवेलसाठी धन्यवाद, माझा मागच्या खेपेला गेला. बाकी संग्रहालयातून आत्मे परत नेल्याचं वाचून गप्प बसलोय. सण बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जाता येतं का? तो कापणीचा मोठा सण म्हणतात तो.

---

ओहोळ

काका, इलिसिन. प्रत्येक गावाच्या तारखा वेगळ्या, गावच ठरवतं. काही भाग पाहुण्यांसाठी खुला, काही अजिबात नाही. पहिल्या रात्री पूर्वजांना बोलावतात, तिथे बाहेरच्यांनी घुसायचं नसतं. वयोगटांप्रमाणे पुरुषांच्या रांगा असतात, फोटोसाठी त्यांच्यामधून आरपार जाणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना हाताला धरून बाहेर काढणाऱ्या फायीही. कुणी हात धरून नाचात ओढलं तर मात्र नाही म्हणू नका.

मृदुलाताई, शेवटचं कामाचं. छिंगमिंगला निम्मं तैवान गावाकडे पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायला जातं, पूर्वेच्या गाड्या हा हा म्हणता भरतात. आरक्षण साधारण चार आठवडे आधी उघडतं, त्या रात्री बाराला जागे राहा. ह्वालिएनपर्यंत जलद गाडी, पुढे ग्वांगफूला थांबणारी कोणतीही चालेल. सुट्टीच्या नेमक्या दिवशी गावातली घरंही बंद असू शकतात, कारण आमिसांतले बरेच जण ख्रिस्ती असले तरी सुट्टीला शहरातली मुलंबाळं घरी येतात. तेव्हा सुट्टीचे दोन दिवस सोडून जा. घरमालकांना लाइन नावाच्या ॲपवर मेसेज टाका, फोनवरून भाषांतर करून चालेल. चारच गोष्टी लिहा: किती माणसं, मांस-मासे नको, पालाकाव बघायचंय, आजी बरोबर आहेत. ‘आजी बरोबर आहेत’ हे आधी लिहा, म्हणजे खोली तळमजल्याची देतील आणि गोष्टी सांगायला कुणीतरी म्हातारं माणूसही बोलावून ठेवतील.

---

मृदुला_शिंचू

मेसेज टाकला. उत्तर आलं: आजींना वेताचा गाभा चावेल का, दात कसे आहेत?